धातूचा वरचा थर : जॅग्वार ई-टाइपचे सस्पेन्शन नव्याने उभारताना

जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुनर्बांधणीची चर्चा बहुधा तिच्या रंगाभोवती, इंजिनाच्या आवाजाभोवती आणि आतल्या चामडी बैठकांभोवती फिरते. पण ती गाडी निर्धास्तपणे चालवता येईल की नाही, हे ठरते ते तिच्या पोटाखाली, चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या भागांत. या भागांच्या समूहाला सस्पेन्शन म्हणतात. रस्त्यावरचा खड्डा चाकाने झेलावा पण त्याचा हादरा आत बसलेल्यांपर्यंत पोहोचू नये, आणि वळण घेताना किंवा ब्रेक लावताना चाकाची दिशा व कल मात्र ढळू नये, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर असते. पुनर्बांधणीच्या वेळी हे भाग उतरवून, स्वच्छ करून, तपासून त्यांना नवा रंग किंवा नवा मुलामा देण्याचे काम वरवर सजावटीचे वाटते. प्रत्यक्षात ते सुरक्षिततेचे काम आहे, कारण सस्पेन्शनच्या बहुतेक भागांत ताण सर्वांत जास्त पृष्ठभागावर असतो, आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते.

हे काम समजून घेण्यासाठी जॅग्वार ई-टाइप ही गाडी फार सोयीची आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातल्या ब्राउन्स लेन कारखान्यात घडलेली ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनीव्हा येथे जगासमोर आली, १९७४ पर्यंत तिचे उत्पादन चालले आणि एवढ्या काळात ७२ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. वायुगतिशास्त्राचे जाणकार माल्कम सेयर यांनी गणिताने आखलेली तिची बाह्याकृती इतकी नावाजली गेली की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. मात्र तिची यंत्ररचनाही बाह्यरूपाइतकीच धाडसी होती, आणि तिच्या सस्पेन्शनमध्ये पोलाद, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि रबर हे तीनही पदार्थ इतक्या निरनिराळ्या कामांसाठी वापरलेले आहेत की या एका गाडीच्या निमित्ताने या विद्येची जवळजवळ सगळी अंगे पाहता येतात.

पुढच्या प्रत्येक चाकामागे वर आणि खाली असे दोन विशबोन असतात. विशबोन म्हणजे चाकाकडच्या टोकाला एकत्र आलेले आणि सांगाड्याकडच्या बाजूला वर-खाली फिरू शकणारे दोन बाहू. अनेक गाड्यांत खालच्या विशबोनवर वेटोळ्याची स्प्रिंग टेकलेली असते. ई-टाइपमध्ये तिच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचे काम करणारी सरळ पोलादी दांडी आहे. ही दांडी गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असून तिचे पुढचे टोक खालच्या विशबोनमध्ये आणि मागचे टोक सांगाड्यात जखडलेले असते, त्यामुळे चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळ सुटू पाहताना चाक पुन्हा खाली दाबले जाते. दांडीच्या एका टोकावर २४ आणि दुसऱ्यावर २५ दाते कापलेले आहेत. पहिल्या टोकाचा एक दाता म्हणजे १५ अंश आणि दुसऱ्याचा १४.४ अंश, तेव्हा दांडी दोन्ही टोकांना एकेक दाता सरकवून बसवली की विशबोनच्या जागेत अवघ्या ०.६ अंशाचा फरक पडतो आणि गाडीची उंची अगदी बारकाईने जुळवता येते. इतक्या साध्या युक्तीने इतकी सूक्ष्म जुळवणी साधणे, हे त्या काळच्या अभियंत्यांचे खरे कसब होय.

मागची रचना याहून गुंतागुंतीची आहे. मुख्य अभियंता विल्यम हेन्स यांच्या विभागात बॉब नाइट यांनी विकसित केलेल्या या रचनेत डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी दंतचक्रांची पेटी, पोलादी पत्र्याच्या एका पिंजऱ्यात टांगलेली असते. ब्रेकच्या तबकड्या चाकांजवळ नसून या पेटीला लागून असतात, खाली नळीसारखा एक भक्कम बाहू असतो, आणि चाक फिरवणारा हाफ-शाफ्टच वरच्या बाहूचेही काम करतो. चार स्प्रिंगा आणि चार डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगांची उसळी शांत करणारे शॉक ॲब्सॉर्बर, या पिंजऱ्यालाच बसवलेले असतात, आणि अख्खा पिंजरा रबरी आधारांवर गाडीच्या अंगाला लटकतो. ही रचना जॅग्वारने फेरफार करत १९९६ पर्यंत आपल्या गाड्यांत वापरली, यावरून तिची गुणवत्ता ध्यानात येते. पण पुनर्बांधणी करणाऱ्याला तिचा एक जाच सोसावा लागतो. ब्रेक आत असल्यामुळे त्यांची उष्णता पेटीच्या तेलरोधक सीलांना भाजते, सील कडक होऊन गळू लागतात, गळालेल्या तेलावर रस्त्याची धूळ बसते, आणि काही दशकांनी हा पिंजरा उतरवला जातो तेव्हा त्याचा अर्धा भाग तेलकट चिखलाच्या जाड थराखाली सुस्थितीत राहिलेला आणि उरलेला अर्धा गंजून पापुद्रे सुटलेला, असे विचित्र दृश्य दिसते.

गंजाची प्रक्रिया विद्युत-रासायनिक आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असला की त्याच तुकड्याचा एक बिंदू ऋण आणि दुसरा धन टोकासारखा वागू लागतो, लोखंडाचे अणू विरघळतात आणि प्राणवायूशी संयोग पावून तांबूस भुकटीच्या रूपाने साठतात. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि हा क्षय कितीतरी वेगाने होतो. ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ई-टाइप मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला निर्यात झाल्या असल्यामुळे यांतील पुष्कळ गाड्यांनी ते मीठ वर्षानुवर्षे अंगावर घेतले. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशातल्या गाड्यांचे पोलाद तुलनेने निरोगी असते, पण त्यांचे रबर उन्हाने आणि कोरडेपणाने तडकलेले असते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे रस्त्यांवर मीठ टाकले जात नाही, तरी समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातली आर्द्रता मिळून तेच काम करतात; हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते, आणि पश्चिम किनाऱ्यावर वर्षाचा बराचसा काळ ती त्याहून अधिक असते.

सुटे भाग खोलताना छायाचित्रे काढणे, प्रत्येक बाजूचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवणे ही शिस्त सर्वांना ठाऊक असते. सस्पेन्शनच्या बाबतीत तिच्यात एक भर पडते : पातळ चकत्यांची, म्हणजे शिमांची, नोंद. ई-टाइपच्या मागच्या चाकाचा उभा कल हाफ-शाफ्टचे तोंड आणि ब्रेकची तबकडी यांच्यामध्ये घातलेल्या शिमांनी ठरतो, आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरची एक शिम काढली किंवा घातली तर तो कल साधारण पाव अंशाने बदलतो. कोणत्या बाजूला किती शिमा होत्या हे लिहून ठेवले नाही तर पुढे सगळी जुळवणी पहिल्यापासून करावी लागते. शिवाय खोलतानाच प्रत्येक भागावर उरलेल्या मूळ रंगाचे, मुलाम्याचे आणि कारखान्यातल्या तपासनिसांनी लावलेल्या रंगठिपक्यांचे टिपण ठेवावे लागते, कारण साफसफाई झाल्यावर तो पुरावा परत मिळत नाही.

यानंतरचा टप्पा स्वच्छतेचा. तेल, ग्रीस आणि डांबरी लेप आधी काढून टाकल्याशिवाय कोणताही भाग ब्लास्टिंगला देणे ही मोठी चूक ठरते, कारण दाबाच्या हवेने मारलेले कण ग्रीस काढत नाहीत, ते धातूत अधिकच ठोकून बसवतात, आणि पुढे तिथे रंग धरत नाही. ब्लास्टिंगसाठी पूर्वी सर्रास रेती वापरत. तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो, म्हणून ब्रिटनने विसाव्या शतकाच्या मध्यावरच तिच्यावर बंदी आणली. आपल्याकडच्या लहान वर्कशॉपांत मात्र अजूनही तोंडाला नुसता रुमाल बांधून रेतीचा मारा करणारे कामगार आढळतात, आणि कोणत्याही देखण्या गाडीच्या मोबदल्यात ही किंमत मान्य करता येणार नाही. जाड पोलादी भागांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण आणि नाजूक कामासाठी काचेचे गोल मणी हे चांगले पर्याय उपलब्ध आहेत. टोकदार कणांनी पृष्ठभागावर काही दशांश नव्हे, तर काही शतांश मिलिमीटर खोलीचा खरखरीतपणा येतो आणि प्रायमरला पकड मिळते. पण असे उघडे पडलेले पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस पडू लागत असल्याने ज्या दिवशी ब्लास्टिंग, त्याच दिवशी प्रायमर, हा नियम पाळावाच लागतो.

स्वच्छ झालेला भाग रंगवण्यापूर्वी तपासला पाहिजे, आणि या टप्प्याला घाईत फाटा देणारे लोक पाहिले की खेद वाटतो, कारण तडा शोधण्याची इतकी चांगली संधी पुन्हा अनेक वर्षे मिळणार नसते. ज्याच्यावर चाक फिरते तो पुढचा स्टब ॲक्सल, चाकाचे धारक, बाहूंची टोके यांसारख्या पोलादी भागांना चुंबकीय करून त्यांच्यावर अतिनील प्रकाशात चमकणारे लोहकण असलेला द्रव सोडतात. जिथे तडा असतो तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर फुटते, कण तिथे गोळा होतात आणि केसाएवढी भेग हिरवट रेषेच्या रूपाने उजळते. ॲल्युमिनियम चुंबकीय होत नसल्यामुळे मागच्या हब-कॅरियरसारख्या ओतीव भागांसाठी भेगेत मुरणारा रंगीत द्रव वापरावा लागतो. जो भाग या कसोटीला उतरत नाही तो बदलायचा. त्याला वेल्डिंग करून वर काळा चकचकीत रंग देणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय.

टॉर्शन बारचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण पृष्ठभाग म्हणजे काय हे या दांडीइतके स्पष्ट दुसरा कोणताही भाग सांगत नाही. गोल दांडीला पीळ बसतो तेव्हा तिच्या मध्यरेषेवर ताण शून्य असतो, बाहेर जाऊ लागावे तसा तो वाढत जातो आणि सर्वांत वरच्या थरात कमाल होतो. त्या थरात गंजाने एखादा बारीक खड्डा पडला किंवा पान्ह्याच्या टोकाने एखादा ओरखडा उठला, तर ताण त्या जागी एकवटतो. चाकाच्या प्रत्येक उसळीगणिक खड्ड्याच्या तळाशी भेग कणाकणाने वाढते, आणि वर्षानुवर्षे निमूट काम केलेली दांडी एके दिवशी अचानक तुटते. या क्रियेला थकव्याने तुटणे म्हणतात, आणि तिची पूर्वसूचना सहसा मिळत नाही. त्यामुळे टॉर्शन बारवर तीक्ष्ण कणांचे ब्लास्टिंग करू नये, ग्राइंडर लावू नये, आम्लाच्या टाकीत तो बुडवू नये. जुना रंग रसायनाने सैल करून हाताने काढावा, बोटांनी चाचपून आणि भिंग लावून त्याची इंचन् इंच पाहणी करावी, आणि खड्डे आढळले तर ते घासून नाहीसे करत बसण्यापेक्षा नवी दांडी घ्यावी. दांडी निर्दोष असेल तर तिला प्रायमर आणि लवचीक रंगाचा पातळ थर पुरतो. दात्यांवर मात्र रंग नको, तिथे ग्रीस हवे. डावी आणि उजवी दांडी दिसायला सारखी असली तरी त्यांची अदलाबदल कधीही करू नये, कारण कारखान्यात प्रत्येक दांडीला तिच्या कामाच्या दिशेने मुद्दाम जास्त पीळ देऊन तिच्या वरच्या थरात उपकारक ताण मुरवलेला असतो, आणि उलट्या बाजूला बसवल्यास तोच ताण तिचा वैरी होतो.

बोल्ट, नट, कंस, वायसर अशा लहान भागांना रंगाऐवजी धातूचा मुलामा देतात. पितळी भांड्याला केलेली कल्हई ज्याप्रमाणे आंबट पदार्थ आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा पडदा उभा करते, त्याप्रमाणे मुलामा हवा आणि पोलाद यांच्यामध्ये उभा राहतो. पण जस्ताच्या मुलाम्याचा गुण एवढ्यावर थांबत नाही. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे मुलाम्याला ओरखडा पडून पोलाद उघडे पडले तरी आधी जस्त झिजते आणि शेजारचे पोलाद वाचते. कथलाचे नेमके उलटे आहे : पोलादावरचा कथलाचा थर फाटला की पोलादच आधी गंजते. ई-टाइपच्या काळात ब्रिटिश मोटारींच्या नट-बोल्टांवर कॅडमियम या धातूचा मुलामा प्रचलित होता. मीठ असलेल्या हवेत तोही जस्तासारखाच स्वतः झिजून पोलाद वाचवतो, शिवाय तो गुळगुळीत असल्याने आटे सहज फिरतात आणि वर्षांनंतरही नट सुटतो. परंतु कॅडमियम अतिशय विषारी आहे. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा भयंकर आजार पसरला होता. आज विमानउद्योगासारखी मोजकी क्षेत्रे सोडता त्याचा वापर बव्हंशी थांबला आहे, आणि तो थांबलाच पाहिजे होता.

म्हणून पुनर्बांधणी करणारे आता जस्ताकडे वळले आहेत. नुसते जस्त लवकर पांढरे पडते, तेव्हा त्याच्यावर पॅसिव्हेशन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांचा एक अतिसूक्ष्म रासायनिक थर चढवतात, आणि त्यातूनच जुन्या गाड्यांच्या पोटाखाली दिसणारी सोनेरी, किंचित इंद्रधनुषी झाक येते. पूर्वी ही झाक षट्संयुजी क्रोमियमपासून मिळे. तो कर्करोगकारक असल्याने युरोपीय संघाने २००० साली काढलेल्या मोटारींविषयीच्या निर्देशात शिसे, पारा आणि कॅडमियम यांच्याबरोबर त्याच्यावरही निर्बंध घातले, आणि आता त्रिसंयुजी क्रोमियमच्या द्रावणात रंगद्रव्य मिसळून जवळपास तशीच छटा साधतात. ती मूळ छटेशी शंभर टक्के जुळत नाही, थोडी जास्त पिवळी आणि जास्त एकसारखी दिसते. जुन्याची हुबेहूब प्रतिकृती हवी असणाऱ्यांना हे खटकते. परंतु प्लेटिंगच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या कामगाराचे आरोग्य छटेच्या अचूकपणापेक्षा मोलाचे आहे, यात दुमत असू नये.

मुलाम्याची जाडी ही दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने मोठी बाब आहे. नट-बोल्टांवर साधारण ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आठपट, जाडीचा थर असतो. आट्यांच्या तिरप्या भिंतींच्या भूमितीमुळे ६० अंशांच्या आट्यांचा परिणामी व्यास थराच्या जाडीच्या चौपट, म्हणजे सुमारे ३२ मायक्रॉनने, वाढतो. ई-टाइपमधले बारीक आटे मुळातच घट्ट बसणारे असतात. त्यांच्यावर जाड मुलामा चढला तर नट अर्ध्यावरच अडकतो, आणि मेकॅनिकला वाटते बोल्ट कसला गेला, प्रत्यक्षात मात्र सांध्यावर पुरेसा दाब आलेलाच नसतो.

याहून गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. मुलाम्याआधी भाग आम्लात धुतात आणि नंतर विजेच्या साहाय्याने त्याच्यावर जस्त बसवतात; या दोन्ही क्रियांत हायड्रोजनचे सुटे अणू निर्माण होतात आणि ते पोलादात शिरतात. मऊ पोलादाला त्याने फारसे काही होत नाही, पण उच्च ताकदीच्या, कडक केलेल्या पोलादात हे अणू ताण असलेल्या जागी गोळा होऊन त्याला ठिसूळ करतात. असा बोल्ट प्लेटिंगवाल्याकडून चकचकीत होऊन येतो, व्यवस्थित आवळला जातो, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी, गाडी नुसती उभी असतानाही, मुंडीखाली कट्कन तुटतो. यावर उपाय आहे : मुलामा दिल्यानंतर काही तासांच्या आत भाग भट्टीत ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजणे, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो, आणि पॅसिव्हेशनचा थर त्या उष्णतेत बिघडत असल्यामुळे तो भाजणीनंतर चढवणे. भोसरी, पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक भागांत मोटार उद्योगासाठी काम करणाऱ्या प्लेटिंग कारखान्यांना ही पद्धत चांगली परिचित असते. परंतु हौशी माणसाने पाच-पन्नास बोल्टांची पिशवी नेऊन दिली आणि ते कोणत्या पोलादाचे आहेत, कुठे बसतात हे सांगितलेच नाही, तर ते साध्या खिळ्या-स्क्रूंच्या पिंपात पडण्याची शक्यता अधिक. स्टीअरिंग, ब्रेक आणि बाहूंच्या मुख्य सांध्यांचे उच्च ताकदीचे बोल्ट योग्य प्रतीचे नवेच घ्यावेत, आणि आतमध्ये नायलॉनची कडी असलेले स्वतःहून घट्ट राहणारे नट तर एकदा काढले की पुन्हा वापरूच नयेत. स्प्रिंगांना विजेचा मुलामा देण्याचा मोहही याच कारणाने टाळला पाहिजे.

मोठ्या पोलादी भागांसाठी, म्हणजे मागचा पिंजरा, बाहू, आधारपट्ट्या यांच्यासाठी, आज सर्वांत लोकप्रिय झालेला लेप म्हणजे पावडर कोटिंग. विद्युतभारित कोरडी भुकटी धातूवर उडवून ती सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात आणि प्लास्टिकसारखा सलग, चिवट थर तयार होतो. तो स्वस्त आहे, लवकर होतो आणि तेल किंवा ब्रेक-ऑइलने सहजी खराब होत नाही. तरीही सस्पेन्शनच्या बाबतीत त्याला सरसकट पसंती देणे घाईचे ठरेल. त्याची जाडी ६० ते १०० मायक्रॉन असते. हाफ-शाफ्ट आणि ब्रेकच्या तबकडीच्या एकमेकांना टेकणाऱ्या दोन्ही तोंडांवर तो चढू दिला तर सांध्यात जवळपास ०.२ मिलिमीटरचा थर अडकतो, म्हणजे एका शिमेच्या दोन-पंचमांश, आणि चाकाचा कल तेवढा बदलतो. त्याहून वाईट म्हणजे बोल्टच्या दाबाखाली आणि ब्रेकच्या उष्णतेत हा थर हळूहळू चेपला जातो, दाब कमी होतो आणि सांधा ढिला पडतो. म्हणून धातूला धातू टेकतो अशी प्रत्येक जागा, बेअरिंगची बैठक, बोल्टच्या मुंडीखालचा गोल हे सर्व उष्णता सोसणाऱ्या पट्टीने आणि रबरी बुचांनी झाकूनच भाग कोटिंगला द्यावा लागतो. दुसरा दोष असा की दगड लागून या थराला टवका उडाला की ओल आत शिरते आणि अखंड दिसणाऱ्या आवरणाखाली दूरवर गंज पसरत जातो. वरून पाहणाऱ्याला गाडी ठणठणीत वाटत राहते.

दोन भागांचे मिश्रण करून वापरायचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर त्याच प्रकारचा काळा रंग ही जुनी पद्धत कष्टाची आहे, कोपऱ्याकोपऱ्यात हात पोहोचवावा लागतो, वाळण्याची वाट पाहावी लागते. परंतु तिचा थर पातळ असतो, टवका उडाल्यास तेवढीच जागा घासून दुरुस्त करता येते, आणि खालच्या धातूत भेग पडली तर ती रंगातही उमटण्याची शक्यता अधिक असते. पिंजऱ्यासारख्या जागी, जिथे ब्रेक-ऑइल सांडण्याचा धोका आहे, तिथे साधा एनॅमल रंग टिकत नाही, कारण ग्लायकॉलपासून बनवलेले ब्रेक-ऑइल रंग काढण्याच्या रसायनासारखेच वागते. तिथे दोन भागांचा रंगच हवा. पुढच्या नळ्यांच्या चौकटीला ई-टाइपमध्ये गाडीच्या अंगाचाच रंग दिला जाई, त्यामुळे बॉनेट उचलल्यावर तांबड्या किंवा निळ्या चौकटीच्या पार्श्वभूमीवर काळे, चंदेरी आणि सोनेरी भाग वेगवेगळे उठून दिसतात. सगळे एकाच चकचकीत काळ्यात बुडवले तर हा भेद मावळतो आणि गाडीची ओळखही काही अंशी पुसली जाते.

ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांना पाणी आणि काचेचे मणी एकत्र मारून स्वच्छ करतात. पाण्याच्या पडद्यामुळे मण्यांचा आघात सौम्य होतो आणि पृष्ठभागाला मूळ ओतीव धातूची मंद तकाकी येते. त्यांच्यावर पोलादी कणांचे ब्लास्टिंग कधीही करू नये, कारण आत रुतलेले लोखंडाचे कण पुढे गंजून भागावर डाग पाडतात. आतल्या तेलवाटांत आणि बेअरिंगच्या खोबणीत एकही मणी राहू नये म्हणून भाग पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. एक काचेचा मणी बेअरिंग खराब करायला पुरेसा आहे.

रबराचे भाग जुने तेच पुन्हा वापरण्याचा प्रश्नच येत नाही. पिंजरा ज्या आधारांवर लटकतो त्यांत रबर दोन पोलादी पट्ट्यांना रासायनिक बंधाने चिकटवलेले असते, आणि पट्टीच्या कडेने शिरलेला गंज हा बंधच उखडतो; बाहेरून धडधाकट दिसणारा आधार आतून सुटलेला असू शकतो. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसवण्याची चाल अलीकडे वाढली आहे. त्यांनी वळणावर गाडी अधिक घट्ट वाटते हे खरे, पण रस्त्याची घरघर आणि कंपने त्यांच्यातून आत येतात, आणि ई-टाइपचा मागचा पिंजरा मुळात ज्या शांतपणासाठी रबरावर टांगला गेला तो शांतपणाच त्यामुळे हरवतो. शर्यतीत उतरणार नसलेल्या गाडीला रबरच शोभते.

मूळ रूप किती जपायचे, या प्रश्नावर जगभरच्या जाणकारांत मतभेद आहेत. उत्तर अमेरिकेतील जॅग्वार क्लबांच्या संघटनेने स्पर्धांच्या परीक्षणासाठी ई-टाइपच्या निरनिराळ्या मालिकांची सविस्तर मार्गदर्शिका तयार केली आहे आणि कोणत्या भागाला कोणता लेप असावा याचा बारकाईने विचार तिथे होतो. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फिवाच्या ट्यूरिन सनदेत तर पुनर्बांधणीपेक्षा जतनाला आणि मूळ द्रव्य शक्य तितके राखण्याला झुकते माप दिलेले आहे. या दृष्टीने पाहता, ज्या बाहूवर मूळ रंग नव्वद टक्के शाबूत आहे तो साफ करून, गंजलेली जागा तेवढी दुरुस्त करून बसवणे हे त्याला उघडा करून नव्याने रंगवण्यापेक्षा अधिक इमानी काम ठरते. कारखान्यात कधीच नव्हती इतकी झळाळी आणणे ही कौशल्याची कसोटी मानली जाते, ती मानू नये.

जोडणीच्या वेळी या सगळ्या काळजीची परीक्षा होते. टॉर्शन बार बसवताना डॅम्परच्या जागी ठरावीक लांबीची पट्टी लावून विशबोन नेमक्या स्थितीत धरतात आणि मग दाते जुळवतात. विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे आणि चाके जमिनीवर टेकून गाडीचा पूर्ण भार आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, कारण हे रबर घसरत नाही, ते पिळले जाते. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच त्याला कायमचा पीळ बसतो, उंची चुकते आणि ते काही महिन्यांत फाटते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर नवे लेप आणि बुश बसून स्थिरावतात, तेव्हा सर्व मुख्य बोल्ट टॉर्क-पान्ह्याने पुन्हा तपासावेत, चाकांची दिशा आणि कल मोजून घ्यावेत, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या कडांना, आट्यांच्या उघड्या टोकांना मेणाच्या पातळ द्रावणाचा फवारा द्यावा. मुंबई किंवा पणजीसारख्या ठिकाणी गाडी ठेवली जात असेल तर हा फवारा दर पावसाळ्याआधी, आणि खाली साचलेली माती गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केल्यावरच द्यावा; ओल्या धातूवर मारलेले मेण पाण्याला आत कोंडून ठेवते.